फोन कापण्याची तालीम

त्या शुक्रवारी डोंबिवली पश्चिमेची लाईट गेली नसती, तर माझ्या सासूबाई आज बंगळूरला मुलाकडे राहत असत्या. त्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार हे इतकं ठरलेलं, की बायका त्या दिवशीचं वाटण आदल्या दिवशीच करून ठेवतात. वीज कंपनीला आम्ही आयुष्यभर शिव्या दिल्या. त्या शुक्रवारपासून मी जरा हात आखडता घेतो.

सासूबाई डोंबिवली पश्चिमेलाच, कोपरला एकट्या राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर शेजारणींसोबत भिशी लावतील, टीव्ही बघतील असं आम्हाला वाटलेलं. त्यांनी लॅपटॉप घेतला आणि जन्मपत्रिका काढून द्यायला सुरुवात केली. भविष्य सांगत नाहीत. "ते मला कळत नाही, मी फक्त गणित करते," असं प्रत्येकाला स्पष्ट सांगतात. तरी कल्याण, शहाड, पार ठाण्यापासून उपवर मुलामुलींच्या आया त्यांना फोन करतात. त्यामुळे अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा सोपा सल्ला त्यांना लागू पडत नाही. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक नंबर अनोळखीच असतो.

आणि सासरच्या मंडळींत कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस म्हणजे मी. ही पदवी मला एकदा त्यांचा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केल्याबद्दल मिळाली. मीही ती नाकारली नाही. जावयाला सासरी फुकट मिळणाऱ्या गोष्टी तशा कमीच असतात.

तर तो शुक्रवार. जेवण झालं होतं. सासूबाई लॅपटॉपवर पंचांग शोधत होत्या आणि कुठल्याशा पानावर बोट पडलं. सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि एका बाईचा आवाज इंग्रजीत सांगू लागला, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बंद करू नका, बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. सासूबाईंनी ताबडतोब केला. इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. त्या माणसांनी सासूबाईंना फोन केला नव्हता. सासूबाईंनी त्यांना केला होता.

पलीकडचा मुलगा अतिशय गोड बोलत होता. दर वाक्याला 'मॅडमजी'. सासूबाईंनी त्याला विचारलं, खाना खाया क्या? तो म्हणाला, नाही मॅडमजी, आधी तुमचं काम. झालं! जो मुलगा आपल्यासाठी उपाशी बसलाय त्याच्यावर संशय कसा घेणार? त्याने एक छोटा प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितला, त्यातला नंबर विचारला, आणि थोड्या वेळाने पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. सासूबाईंना भीती वाटली नाही, कौतुक वाटलं. माणूस कुठे बसलाय आणि बाण इथे फिरतोय! मग तो म्हणाला, व्हायरस बँकेपर्यंत पोचलाय का बघू, बँकेचं पान उघडा. सासूबाईंनी चष्मा पुसला, पासवर्ड आठवला आणि पहिलं अक्षर दाबलं. त्याच वेळी लाईट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण इंटरनेटचा डबा बंद पडला. बाण जागच्या जागी थांबला. मुलगा फोनवरून सांगायला लागला, मोबाईलचं नेट जोडा. ते सासूबाईंना येत नाही. त्या म्हणाल्या, "रुको, मैं मेरे जमाई को पूछती हूँ."

तो मुलगा पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाला, "किसी को मत बताइए, मॅडमजी. जमाई को तो बिलकुल नहीं."

एवढा वेळ त्यांना काहीच खटकलं नव्हतं. भोंगा, लाल पडदा, आपोआप फिरणारा बाण, सगळं त्यांनी मान्य केलं होतं. हे मात्र नाही पटलं. जावयाला सांगायचं नाही असं घरात काय असतं? त्यांनी त्याची रीतसर रजा घेतली, "फोन रखती हूँ हं, फिर बात करते हैं," असं म्हणाल्या आणि मला फोन लावला.

मी त्यांना लॅपटॉपचं चालू-बंद करायचं बटण दाबून धरायला सांगितलं, पडदा काळा होईपर्यंत. मग ठाण्यातल्या आमच्या घरून, माजिवड्याहून, स्कूटर काढली आणि माणकोलीच्या पुलावरून जेवढ्या वेगाने जाता येतं त्याच्याहून जास्त वेगाने गेलो. तो प्रोग्राम काढून टाकला. सगळे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. बँकेत कळवलं, सायबर पोलिसांच्या हेल्पलाइनला तक्रार दिली. काही गेलेलं नव्हतं. तरी मी पुन्हा एकदा सगळं तपासलं. कारण त्या लॅपटॉपमध्ये फक्त सासूबाईंचं आयुष्य नव्हतं. अर्ध्या डोंबिवलीच्या लग्नाळू मुलामुलींची नावं, जन्मतारखा, आईवडिलांचे फोन नंबर, सगळं त्यात होतं.

संध्याकाळी बायकोही येऊन पोचली, आणि मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो बंगळूरला आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळे त्याच्यासमोर माझी पदवी जरा मलूल होते.

"आई, बस झालं. लॅपटॉप बंद. घर भाड्याने देऊ. तुझी खोली तयार आहे इथे."

"मी कोपर सोडणार नाही."

"अगं, लाईट गेली म्हणून वाचलीस! पुढच्या वेळी जाईल का लाईट?"

 कोपरला लाईटचा तेवढा भरवसा आहे, पण तो शुक्रवारपुरता. इतर दिवशी चोर आला तर?

"मे महिन्यात ये," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा बघ आणि ठरव. तोपर्यंत मी माझं बघते."

फोन बंद झाल्यावर मी त्यांना विचारलं, "आई, बाण फिरायला लागला तेव्हा तरी फोन कापायचात ना?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पंगतीतून मधेच उठून जायला सांगतोय. "तो बोलत होता हो. समोरचा अजून वाक्यात असताना फोन कसा कापायचा?"

आणि दुखणं नेमकं इथेच आहे, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरांत फोन ठेवणं हा एक विधी असतो. "बरं, ठेवू मग?" "हो, ठेवा." "ठेवते हं. आणि ते लोणचं..." मग लोणच्यावरून कैऱ्या, कैऱ्यांवरून मावशीचा गुडघा, पुन्हा "ठेवू?" समोरच्याने ठेवा म्हटल्याशिवाय ठेवायचा नाही. आता ज्याचा धंदाच तुम्हाला फोनवर धरून ठेवण्याचा आहे, तो कशाला ठेवा म्हणेल? मी हसायला गेलो, तर बायको म्हणाली, "तुम्ही हसू नका. फोनवरच्या प्लॉटवाल्याला नाही म्हणता आलं नाही म्हणून शहाडच्या पुढे जाऊन, प्लॉट बघून, समोसे खाऊन आलात तुम्ही." खरं होतं ते. समोसे बरे होते.

मग आम्ही तालीम घ्यायचं ठरवलं. मी माजिवड्याहून फोन करणार, चोर बनून. सासूबाईंनी मधेच फोन कापायचा. सोपं.

"हॅलो मॅडमजी, मैं कंप्यूटर कंपनी से बोल रहा हूँ. आपके कंप्यूटर में बहुत बड़ा प्रॉब्लम..."

"अहो, आवाज बसलाय का तुमचा? हळद-दूध घेता का रात्री?"

"आई, मी चोर आहे!"

"हो हो, चुकले. बोला."

"आपके कंप्यूटर में व्हायरस आया है..."

 मी बोलत राहिलो. बोलून बोलून माझ्याजवळचं हिंदी संपलं. "आई, कापा ना!"

"मला नाही हो जमत. जावयाचा फोन कसा कापू? लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी उणा शब्द नाही काढला मी तुम्हाला."

बायकोने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आई, मैं बँक से..." एवढंच बोलली आणि पलीकडून खट्. फोन बंद. बायको माझ्याकडे बघत राहिली. लगेच सासूबाईंचा परत फोन, "जमलं ना गं?" जमलं होतं, पण उपयोग नव्हता. लेकीचा फोन त्या एरवीही कापतात. अडचण परक्याची होती, त्यातही गोड बोलणाऱ्या परक्याची.

त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू राहतात. ती बिल्डिंग जिथे उभी आहे ते शेत त्यांच्या सासऱ्यांचं. भात पिकायचा तिथे. अजून थोडी जमीन आहे त्यांची, म्हणून त्यांना सारखे बिल्डरांचे आणि दलालांचे फोन येतात. रविवारी मी गेलेलो तेव्हा त्या वर आल्या होत्या, हातात कोलंबीच्या कालवणाचा डबा. सगळी कथा ऐकून म्हणाल्या, "अगो टीचर, फोन तुझा, कान तुझा. त्यानी इकत घेतलाय का? मी तं बोलतच नाय. फोन तांदलाचे डब्यावं ठेवतंय नि भांडी घासतंय. तो बोलतंय, बोलतंय, नि दमतंय."

"आणि त्याला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे! जमीन मागाला वाईट नाय वाटला त्याला?"

सासूबाई हसल्या नाहीत. गणिताच्या बाई विचारात पडल्या की कपाळावर एक उभी आठी येते, ती आली. काकू गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे, पण मला पहिल्याच दिवशी एवढी उडी जमणार नाही. सोप्या उदाहरणापासून सुरुवात करायला हवी."

सोपं उदाहरण म्हणजे रेकॉर्ड केलेली बाई. कर्ज हवंय का, कॉलर ट्यून हवी का असं विचारणारी, जी माणूसच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तिलाही "माफ कर हं" म्हणून फोन ठेवला. हळूहळू माफी गेली. मग क्रेडिट कार्डवाली खरी मुलं. इथे बरेच दिवस अडल्या. "नको बाळा, तुझं काम चालू दे," असं म्हणायच्या आणि तो बाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी रोज संध्याकाळी विचारायचो, आज काय? त्या शाळेतल्या निकालासारखं सांगायच्या. आज जमलं. आज पूर्ण वाक्य ऐकलं. आज एक मुलगी रडवेली वाटली म्हणून बोलले, पण पत्ता नाही दिला.

एकदा मी त्यांना लांबलचक समजावत बसलो होतो, की कॉम्प्युटरचा खरा इशारा कधी फोन नंबर देत नाही, भोंगा वाजवत नाही, घाई करत नाही, वगैरे. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"जावईबापू, माझा मिक्सर आठवतो? स्टेशनजवळ दुरुस्तीला दिलेला?"

"हो."

"किती फोन केले मी त्याला! एकदा तरी उचलला? आणि इथे पहिल्याच रिंगला माणूस हजर, जेवायचा थांबलेला, दर वाक्याला मॅडमजी. दुरुस्तीवाला असा असतो का कुठे? मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मी माझं व्याख्यान गुंडाळलं. मी जे जमवून जमवून सांगत होतो, ते त्यांनी मिक्सरवरून सिद्ध केलं होतं. त्यानंतर त्यांचा नियम पक्का झाला. प्रश्न त्या विचारणार. जन्मतारीख, वेळ, ठिकाण. समोरच्याने त्यांना कॉम्प्युटरवर काहीही करायला सांगितलं, की तिथे फोन संपला. वाक्य पूर्ण होवो न होवो. आणि पडदा लाल झाला तर बटण दाबून धरायचं, बंद करायचं आणि चहा ठेवायचा.

मे महिन्यात मेहुणा आला. येताना मोठी रिकामी बॅग घेऊन आला. ती कुणासाठी हे कुणी विचारलं नाही. आल्या आल्या त्याने आईच्या लॅपटॉपची तपासणी केली, मला दोन-चार तांत्रिक प्रश्न विचारले, मी त्यांना समजल्यासारखी मान हलवली. आंब्याचा रस झाला. दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलेलो आणि सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी नेहमीच्या सवयीने स्पीकरवर ठेवला.

"मावशी, नमस्कार. मी कॉम्प्युटर कंपनीच्या तक्रार विभागातून बोलतोय. मागे तुम्हाला त्रास झाला होता ना, कुणीतरी तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरलेलं?"

मराठी! तेही स्वच्छ, घरगुती मराठी. आम्ही सगळे ताठ झालो. मेहुण्याने हात वर करून 'काही बोलू नका' अशी खूण केली. आयतीच परीक्षा होती ती, आणि त्याला निकाल बघायचा होता.

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, मीही डोंबिवलीचाच. माझी आई तुमच्याच वयाची. त्या लोकांना आम्ही पकडलंय. तुमची नुकसानभरपाई मंजूर झालीये. फक्त लॅपटॉप चालू करून मी सांगतो ते एक..."

मी सासूबाईंकडे बघत होतो.  बोट लाल बटणावर होतं आणि हलत नव्हतं. माझी आई तुमच्याच वयाची. हे वाक्य बरोबर जाऊन बसलं होतं. बायकोने माझा दंड धरला. आणि पलीकडे तो मुलगा "मावशी, ऐकताय ना, मावशी" म्हणत असतानाच सासूबाईंनी बोट दाबलं.

 त्या उठल्या, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायल्या. पेला ठेवताना माठावर वाजला.

फोन पुन्हा वाजला. तोच नंबर. त्यांनी नाही उचलला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मेहुण्याने उचलला, स्पीकरवरच. "थांब, याला मी बघतो."

आणि तो सुरू झाला. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तुझा कर्मचारी क्रमांक काय, तुझं ऑफिस कुठे, मी कोण आहे माहितीये का तुला? पलीकडचा मुलगा अजिबात चिडला नाही. "सर, तुमचं बरोबर आहे. सर, तुम्ही जाणकार आहात, म्हणून तुमच्याशीच बोलतो." मेहुण्याचा आवाज थोडा खाली आला. जाणकार म्हटलेलं कुणाला आवडत नाही? मला तर फार आवडलं असतं. "सर, आमच्या नोंदीत कदाचित चूक असेल. मावशींच्या बँकेचं नाव आमच्याकडे चुकीचं पडलंय का?"

"अर्थात चुकीचं असणार! तिचं खातं तर..." आणि मेहुण्याने बँकेचं नाव सांगितलं. रागाच्या भरात, पुराव्यासकट.

"आणि सर, शाखा कोपरचीच ना? मोबाईल हाच जोडलेला..."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी सासूबाई आल्या. त्यांनी ओला हात पदराला पुसला, मुलाच्या हातातला फोन काढून घेतला आणि कापला. दोघेही वाक्यात होते.

"आई! मी त्याला धडा शिकवत होतो!"

"तू त्याला माझी बँक शिकवत होतास," सासूबाई म्हणाल्या. आवाज शांत. वर्गात दंगा झाल्यावर असाच असायचा म्हणे. "त्याच्याशी जिंकायचं नसतं रे. बोलायचंच नसतं."

मेहुणा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मीही जाऊन उभा राहिलो. असल्या वेळी बायकोच्या भावाशी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. तो म्हणाला, "मी रोज लोकांना हेच ट्रेनिंग देतो." मी म्हटलं, "मीही देतो. आईंनाच." मग आम्ही दोघे हसलो, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी सासूबाई तयार होत्या. त्यांनी सगळं ठरवलं होतं. पत्रिकांचं काम ज्या खात्यातून चालतं ते वेगळं, छोटं. आयुष्यभराची बचत दुसऱ्या खात्यात, ज्याला इंटरनेटच जोडलेलं नाही, काही हवं असेल तर स्वतः जाऊन सही करायची. मेहुण्याने एक-दोन शंका काढल्या. "मला चालता येतं," त्या म्हणाल्या. तळमजल्यावर काकू उंबरठ्यात बसल्या होत्या. "काय गो टीचर, जातंस का बंगलोरला?" "बँकेत जाते," सासूबाई म्हणाल्या आणि रिक्षा न करता निघाल्या. आम्ही दोघे मागून. मेहुण्याच्या हातात त्यांची कागदांची पिशवी.

तो परत गेला तेव्हा त्या बॅगेत पापड, कुरडया आणि आंबे होते. निघताना दारात थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, नीट, सावकाश. पण आत फोन वाजला. सासूबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आत वळल्या. शहाडहून कुणाची तरी आई बोलत होती. लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला, आणि मग सासूबाईंचा:

"नाही, 'पहाटे कधीतरी' असं नाही चालत. तुमच्या आईंना विचारा, आत्याला विचारा, आणि नक्की वेळ घेऊन परत फोन करा. मी इथेच आहे."